बिऱ्हाड पाठीवर : मरुभूमींतील थोडक्या खर्चाचा प्रवास

प्रवास हा ज्याच्या गांठीं पैसा आहे त्यानेंच करावा, अशी समजूत आपल्या मध्यम वर्गांत हल्लीं फार बळावली आहे. यात्रा-कंपनीचें रंगीत पत्रक आणावें, त्यांतील दर वाचावा, आणि पत्रक घडी घालून कपाटांत ठेवून द्यावें, इतकाच पुष्कळांचा प्रवास असतो. वास्तविक गरीब प्रवाशाची परंपरा महाराष्ट्रांत कांहीं लहानसहान नाहीं. आळंदीहून निघणारा वारकरी पडशींत एक धोतर, टाळ आणि चार भाकरी घेऊन पंढरपूर गांठतो. पेणजवळील वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेनें १८५७ सालीं पायीं उत्तर हिंदुस्थानांत गेले, बंडाच्या धामधुमींत सांपडले, लुटले गेले, आणि तरीहि गंगेची कावड खांद्यावर घेऊन घरीं परतले. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ सालीं प्रसिद्ध करणारे चिंतामणराव वैद्य हे कल्याणचे, ही गोष्ट आम्हां ठाणें जिल्ह्यांतील लोकांना थोड्या अभिमानानें सांगावीशी वाटते. गोडसेभटजींना वाटेंत वाळवंट लागलें नाहीं. मी आज ज्या प्रवासाविषयीं बोलणार आहें, तो मात्र थेट वाळवंटांतला आहे.

श्रोतेहो, मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, डोंबिवलीच्या एका प्राथमिक शाळेंतून निवृत्त झालेला मास्तर. नकाशावरील पिवळ्या रंगावर छडी ठेवून ‘हें थरचें वाळवंट’ असें मीं मुलांना पस्तीस वर्षें सांगितलें. निवृत्तीनंतर तें डोळ्यांनीं पाहावें म्हणून टपालखात्यांतून निवृत्त झालेल्या एका स्नेह्यांबरोबर मार्गशीर्षांत बारा दिवस त्या मुलखांत हिंडून आलों. प्रत्येकाच्या पाठीवर एकेक पिशवी, आणि खिशांत मोजके पैसे. त्या अनुभवाच्या आधारें सांगावयाचें आहे तें एवढेंच, कीं कोरड्या मुलखांत थोडक्या पैशांत हिंडणें सर्वस्वीं शक्य आहे. परंतु तेथें काटकसर कोणत्या वस्तूची करावयाची आणि कोणत्या वस्तूची नाहीं, हें आपल्या घरच्या हिशेबानें ठरवूं नये. त्या मुलखाचा हिशेब निराळा आहे.

प्रथम काळाविषयीं. कार्तिकापासून माघापर्यंतचे चार महिने हाच जाण्याचा काळ होय. वैशाख-ज्येष्ठांत तेथील लॉज ओस पडतात आणि भाडीं उतरतात, हें खरें. पण त्या स्वस्ताईला भुलूं नये. जोधपूर-जैसलमेरच्या वाटेवर फलोदी म्हणून गांव आहे. तेथें १९ मे २०१६ रोजीं ५१ अंश सेल्सियस उष्मा नोंदला गेला. अशा हवेंत साठी उलटलेल्या माणसानें पाठीवर ओझें घेऊन हिंडणें हा शुद्ध अविचार होय. हिंवाळ्यांतहि एक गोष्ट आम्हां कोंकणपट्टींतल्या लोकांना चकविते. दुपारीं सदऱ्याची बाही वर करावीशी वाटते आणि रात्रीं दांतावर दांत वाजतात. ह्याचें कारण मुलांना शिकवितांना मी असें सांगत असें : आपल्या ठाण्या-कल्याणच्या हवेंत बाष्प भरपूर, तें रात्रीं जमिनीवर गोधडीसारखें पसरतें आणि दिवसाची ऊब सहसा निसटूं देत नाहीं. वाळवंटावर ही गोधडीच नाहीं. सूर्य मावळला कीं तापलेली वाळू आपली उष्णता मोकळ्या आकाशाला देऊन टाकते आणि पहांटेपर्यंत गारठून जाते. म्हणून ‘वाळवंटांत चाललों आहों, लोकर कशाला?’ असें म्हणून स्वेटर व कानटोपी घरीं ठेवणारा प्रवासी पहिल्याच रात्रीं बाजारांत दुप्पट किंमत मोजतो.

डोंबिवलीच्या माणसाला राजस्थानची गाडी धरण्यासाठीं दादरपर्यंत गर्दींत चेंगरत जाण्याचें कारण नाहीं. दिव्याहून वसईस जाणारी गाडी कोपर, भिवंडी, कामण ह्या बाजूनें आपल्याला पश्चिम रेल्वेवर नेऊन सोडते. तेथून लोकलनें बोरिवली, आणि बोरिवलीस वांद्र्याहून निघालेली जोधपूरची गाडी. ह्या वसईच्या गाड्या दिवसांतून थोड्याच असतात. वेळापत्रक आधीं पाहून ठेवावें. वृद्धांना भाड्यांत मिळणारी सवलत मार्च २०२० मध्यें थांबविण्यांत आली, त्यामुळें आम्हीं दोघांनीं पूर्ण भाडें भरलें. तरीहि शयनयान वर्गाचें तिकीट हा अजून आपल्या देशांतील सर्वांत स्वस्त बिछाना आहे, असें माझें मत आहे. अहमदाबाद सुटल्यावर डोळा लागतो आणि जाग येते ती खेजडीच्या एकट-दुकट झाडांच्या उघड्या माळावर.

सामानाविषयीं थोडें विस्तारानें बोलतों, कारण स्वस्त प्रवासाचें अर्धें रहस्य वजनांत आहे. जो स्वतःचें ओझें स्वतः उचलूं शकतो त्याला हमाल लागत नाहीं, रिक्षा लागत नाहीं. स्टेशनाच्या दारांत उभ्या असलेल्या दलालाला ‘पुढें बघतों’ असें म्हणून तो चालूं लागतो, आणि अर्ध्या मैलावर निम्म्या भाड्यांत खोली मिळवितो. माझी पिशवी घरच्या तराजूवर सात किलो भरली होती. दोन जोड सुती कपडे, स्वेटर, कानटोपी, एक जाड धाबळी, एक मोठा पंचा, विजेरी, सुतळीचा गुंडा, औषधांची डबी, दोन बाटल्या, एक झांकणाचा डबा व पेला. ह्यांत पंचा हा मुकुटमणि. उन्हांत तो डोक्याला बांधावा, धुळींत नाकातोंडावर घ्यावा, रात्रीं उशाला घ्यावा, आणि सकाळीं अंग पुसावें. तेथील लोकांचें भलें मोठें पागोटें पाहून आपण हंसतों. पण डोकें उन्हापासून राखणें हें त्याचें पहिलें काम आहे, आणि प्रसंगीं विहिरींतून पाणी काढण्याच्या दोरीचेंहि काम तें करतें. कपडे मात्र अंगाला घट्ट नकोत. सैल बाहीच्या आंत हवा खेळती राहते आणि कातडीला ऊन लागत नाहीं. अर्ध्या चड्ड्या घालून हिंडणारीं तरुण मुलें आम्हीं पाहिलीं. तिसऱ्या दिवशीं त्यांच्या पोटऱ्या भाजलेल्या वांग्यासारख्या झाल्या होत्या.

घरून तिखटामिठाच्या पुऱ्या, दशम्या, भाजक्या पोह्यांचा चिवडा, गूळ-दाणे आणि सातूचें पीठ नेलें होतें. पहिले दोन दिवस त्यावर निघाले. पुढें मात्र घरचें संपल्याचें दुःख वाटलें नाहीं. बाजरीचा सोगरा, कढी, लसणाची चटणी आणि केर-सांगरीची भाजी हें तेथील साध्या माणसाचें जेवण, आणि साध्या खाणावळींत तें पोटभर मिळतें. केर हें कांटेरी झुडपाचें फळ. सांगरी म्हणजे खेजडीची शेंग. खेजडी म्हणजेच आपली शमी. दोन्ही पदार्थ हंगामांत वाळवून ठेवतात आणि वर्षभर खातात. ज्या वर्षीं आभाळ रुसतें त्या वर्षींहि हीं झाडें फळतात. ह्या झाडाचें मोल त्या लोकांना किती आहे म्हणाल, तर १७३० सालीं जोधपूरजवळच्या खेजडली गांवीं राजाच्या माणसांना झाडें तोडूं न देतां ३६३ बिश्नोई स्त्री-पुरुषांनीं प्राण दिले. पुण्या-मुंबईकडचे पदार्थ मागत हिंडणाऱ्याला जैसलमेरांत जेवण महाग पडतें आणि चवहि साधत नाहीं. जें तेथें पिकतें तें खावें. खिशालाहि तेंच मानवतें.

आतां पाण्याविषयीं. ठाण्या-डोंबिवलींत दहा पावलें चाललें कीं सदरा भिजतो. जैसलमेरांत दोन तास चाललों तरी सदरा कोरडा, आणि मनुष्य समजतो, ‘मला घामच येत नाहीं.’ घाम येतच असतो. हवा इतकी कोरडी कीं तो बाहेर येतांच उडून जातो. संध्याकाळीं सदऱ्यावर पांढऱ्या मिठाच्या रेषा दिसतात, तेव्हां कळतें. कोऱ्या सुरईंतील पाणी तेथें आपल्यापेक्षां अधिक गार होतें, तें ह्याच कारणानें. परंतु सुरईप्रमाणेंच माणूसहि पाझरत असतो, हें ध्यानांत ठेवावें. तहान लागेपर्यंत थांबूं नये. विशेषतः म्हाताऱ्यांनीं, कारण वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावते. थंडीच्या दिवसांतहि चालणाऱ्या माणसानें तीन लिटर पाणी दिवसाकांठीं घेतलेंच पाहिजे.

येथें एक गोष्ट सांगणें जरूर वाटतें, कारण ती आमच्या वयाच्या कोणालाहि घडण्याजोगी आहे. माझे स्नेही एसटीच्या काळापासूनचे सावध प्रवासी. बस वाटेंत कोठें थांबेल न थांबेल, लघवीला उतरतां येईल न येईल, ह्या भयानें ते प्रवासाच्या दिवशीं पाणी पीत नाहींत. जैसलमेरहून एका खेड्याकडे जातांना सकाळपासून त्यांनीं एक पेला चहाखेरीज कांहीं घेतलें नव्हतें. दुपारीं उतरल्यावर त्यांच्या पोटऱ्यांत गोळे आले, डोकें दुखूं लागलें, आणि ते माझ्या प्रश्नांना उगाच चिडून उत्तरें देऊं लागले. ही चिडचिड हेंहि एक लक्षण आहे. एका दुकानाच्या सावलींत त्यांना निजविलें, एक लिटर पाण्यांत सहा चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून तें घोटघोट पाजलें. चमचा म्हणजे चहाचा, सपाट भरलेला. दीड-दोन तासांनीं ते उठून बसले. दुकानदारानें साखरेचे पैसे घेतले नाहींत. हें ज्यांना वेळेवर सुचणार नाहीं त्यांनीं तयार मिळणाऱ्या पुड्या जवळ ठेवाव्यात. आणि माणूस बरळूं लागला, अंग तापलें, तर घरगुती उपायांत वेळ न दवडतां दवाखाना गांठावा. बसच्या वाहकाला ‘मध्यें दोन मिनिटें थांबवा’ असें सांगण्यांत संकोच कसला? तेथील वाहक थांबवितात. पाण्याची अशी काटकसर ही पैशाच्या नुकसानीपेक्षां वाईट.

पाणी प्यावें भरपूर, आणि सांडावें मात्र मुळींच नाहीं. हे दोन नियम परस्परविरुद्ध वाटतात. पण त्या मुलखाचें सारें शहाणपण ह्या दोहोंच्या मधोमध आहे. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझच्या वेधशाळेनें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला. त्या दिवशीं कल्याण-डोंबिवलीहि पाण्यांत होती, हें आपण विसरलों नाहीं. जैसलमेरला वर्षाचा पाऊस दोनशें मिलिमीटरांच्या आसपास. म्हणजे आपल्या एका दिवसाच्या पुरांत त्यांचीं चार-पांच वर्षें निघतील. आणि तरीहि थर हें जगांतील सर्वांत दाट वस्तीचें वाळवंट समजलें जातें. इतकीं माणसें तेथें शतकानुशतकें कशावर जगलीं, हें समजून घेतल्यावांचून तेथें पाऊल टाकणें मला असभ्यपणाचें वाटतें.

वर्ध्यास जन्मलेले अनुपम मिश्र यांनीं ‘राजस्थान की रजत बूंदें’ ह्या हिंदी पुस्तकांत हें सारें फार प्रेमानें सांगितलें आहे. तेथील लोक पाण्याचे तीन प्रकार मानतात. पावसाचें थेट मिळणारें तें पालर पाणी. खोल विहिरीचें, बहुधा खारट, तें पाताळ पाणी. आणि ह्या दोहोंमधलें तें रेजाणी पाणी. कांहीं भागांत वाळूखालीं खडियाचा, म्हणजे चुनखडी-जिप्सम जातीचा, थर असतो. पावसाचा ओलावा त्या थरावर अडतो आणि खालच्या खाऱ्या पाण्यांत मिसळत नाहीं. लोक तेथें अगदीं अरुंद कुई खणतात. ओलावा थेंबाथेंबानें तिच्यांत उतरतो आणि दिवसाकांठीं दोन-चार घागरी गोड पाणी जमतें. पालीवाल ब्राह्मणांनीं केलेली खडीन ही दुसरी युक्ति. उतारावरून वाहणारें पाणी सखल जागीं लांब बांध घालून अडवावयाचें, तें जमिनींत मुरूं द्यावयाचें, आणि त्या ओलीवर पुढें पाटाच्या पाण्यावांचून गहूं-हरभरा घ्यावयाचा. जैसलमेरजवळचें कुलधरा हें पालीवालांचें ओसाड गांव पाहावयास सारे जातात आणि भुताखेतांच्या कथा ऐकून परततात. त्या भागांतील खडिनी पाहण्यास कोणी थांबत नाहीं. त्या पाहण्यास तिकीटहि नाहीं.

तिसरी वस्तु टांका. आपल्या किल्ल्यांवर पाण्याचें टांकें असतें, त्याचाच हा भाऊ. जमिनींत चुन्याचा किंवा सिमेंटाचा हौद, वर झांकण, आणि सभोंवार सारवून-चोपून केलेलें उताराचें अंगण. ह्या अंगणाला आगोर म्हणतात. पावसाळ्यांत आगोरावर पडलेला थेंब न् थेंब हौदांत उतरतो, आणि तें पाणी एका कुटुंबाला पुढें कित्येक महिने पुरवावयाचें असतें. म्हणून आगोर देवघरासारखें झाडून ठेवतात. त्यावर जोडा घालून कोणी चढत नाहीं, गुरें येऊं देत नाहींत. एके संध्याकाळीं आम्हीं पाहिलें, कीं पाठीवर मोठाल्या पिशव्या घेतलेल्या चार-पांच तरुण प्रवाशांनीं अशाच एका आगोरावर आपला तंबू ठोकावयास घेतला आहे. सपाट, स्वच्छ, फुकट जागा! त्यांचा तरी काय दोष. त्यांना कोणीं सांगितलेंच नव्हतें. तेवढ्यांत ढाणींतून एक म्हातारी आली. ती रागावली नाहीं. तिनें आपल्या पायांतल्या मोजड्या आगोराच्या कडेला काढल्या, अनवाणी आंत आली, आणि हौदाचें झांकण उघडून त्यांना आंत वांकून पाहावयास सांगितलें. तळाशीं गुडघाभरहि पाणी नव्हतें आणि पावसाळा सात महिने दूर होता. मुलांनीं तंबू मुकाट्यानें हलविला. त्यांतल्या एका मुलीनें केरसुणी मागून घेतली. सिमेंटाच्या किंवा सारवलेल्या गोल जमिनीच्या मधोमध झांकण दिसलें तर तेथें मुक्काम करूं नये, जोडे घालून जाऊं नये, आणि तिच्या वरच्या अंगाला शौचास बसूं नये, एवढें प्रत्येक प्रवाशाला माहीत असलें पाहिजे. १९५८ सालीं काम सुरू झालेल्या, आज इंदिरा गांधी कालवा म्हटल्या जाणाऱ्या कालव्यानें पंजाबांतील हरिकेचें पाणी जैसलमेरपर्यंत आणलें आहे आणि पुष्कळ गांवांना नळ झाले आहेत. पण नळ आटला कीं टांकाच, हें आम्हां बारवीच्या पाण्यावर आणि टँकरवर जगणाऱ्यांना वेगळें समजावून सांगावयास नको.

ह्याच पाण्यामुळें जैसलमेरच्या किल्ल्यांत मुक्काम करूं नये असें माझें आग्रहाचें सांगणें आहे. रावळ जैसल यानें ११५६ सालीं वसविलेला हा पिवळ्या वालुकाश्माचा किल्ला मावळतीच्या उन्हांत खरोखरच सोन्याचा दिसतो. सत्यजित राय यांच्या १९७४ सालच्या ‘सोनार केल्ला’ बोलपटानें बंगाली प्रवाशांना तेथें ओढलें, आणि २०१३ सालीं राजस्थानच्या इतर डोंगरी किल्ल्यांबरोबर त्याला जागतिक वारशांत स्थान मिळालें. अजून त्यांत माणसें राहतात, हें त्याचें वैशिष्ट्य. पूर्वीं बायका गडसीसर तलावावरून डोक्यावर घागरी घेऊन चढत. जेवढें पाणी डोक्यावर येई तेवढेंच वापरलें जाई. पुढें नळ आले, प्रवाशांसाठीं खोल्या निघाल्या, प्रत्येक खोलीला न्हाणीघर झालें. जुन्या उघड्या गटारांना तें सांडपाणी पेलेना. तें पायांत मुरलें. टेकडीच्या पोटांत मातीसारख्या मऊ खडकाचे थर आहेत. ते भिजून सरकूं लागले, आणि गेल्या शतकाच्या अखेरीस कांहीं बुरूज ढासळले. सांडपाण्याच्या नळ्या व तटाची दुरुस्ती ह्यांवर पुढें पुष्कळ काम झालें. तथापि किल्ल्यावरचा भार हलका करणें प्रवाशाच्या हातीं आहे. किल्ल्यांतील खोल्या कधीं कधीं खालच्या गांवापेक्षां स्वस्त मिळतात. दलाल तेंच सांगतो. आम्हीं खालीं बाजारपेठेजवळच्या एका धर्मशाळेंत उतरलों, रोज पहांटे किल्ल्यावर चढून गेलों, आणि दारांत बसलेल्या वृद्धांशीं गप्पा मारून आलों. किल्ला पाहावयाचा तर तो असाच पाहावा.

धर्मशाळांविषयीं फार सांगण्यासारखें नाहीं. जोधपूर, रामदेवरा, जैसलमेर, बिकानेर ह्या सर्व ठिकाणीं त्या आहेत. ओळखपत्र लागतें, गादी पातळ असते, पहांटे घंटा वाजते. पोकरणजवळच्या रामदेवऱ्याचा मात्र उल्लेख करतों. भाद्रपदांत रामदेवबाबांच्या दर्शनाला गुजरात, माळवा, मारवाड इकडून लोक पांढरे-रंगीत निशाण खांद्यावर घेऊन शेंकडों किलोमीटर पायीं येतात आणि वाटेंत गांवोगांवचे लोक त्यांना मांडव घालून फुकट जेवूं घालतात. आपल्या वारीचें हें मारवाडी रूप. त्या मुलखाला पाठीवर बिऱ्हाड घेतलेला पाहुणा नवा नाहीं, तो ह्यामुळें.

राहिला उंट. जैसलमेरच्या पश्चिमेस सुमारें चाळीस किलोमीटरांवर साम येथें वाळूच्या मोठ्या टेकड्या आहेत. तेथें आतां तंबूंचीं शहरें झालीं आहेत. मोटारींच्या शर्यती आणि मध्यरात्रीपर्यंत कर्णे. शांततेसाठीं वाळवंटांत जावें आणि तेथें आपल्या नवरात्रांतल्या मंडपाखालीं बसावें, ही कल्पना मला रुचली नाहीं. आम्ही खुरीच्या बाजूला गेलों. मोटारीला चुकवून उंटावर दोन दिवस काढले. दलालामार्फत न ठरवितां थेट उंटवाल्याशीं बोललों, कारण दलालानें घेतलेल्या रकमेपैकीं निम्मीहि आपल्या हातीं पडत नाहीं, असें त्यानेंच सांगितलें. त्यानें जो दर सांगितला तो दिला. भाजीच्या बाजारांत घासाघीस करण्यांत मी कोणाला हार जाणार नाहीं. पण हा व्यवहार तसा नाहीं. २०१२ च्या पशुगणनेंत देशांत सुमारें चार लक्ष उंट होते. २०१९ मध्यें अडीच लक्ष उरले. ट्रॅक्टर आला, सडका झाल्या, चराईच्या जमिनी कालव्याखालीं गेल्या. २०१४ सालीं राजस्थाननें उंटाला राज्यपशूचा मान दिला आणि दुसऱ्या वर्षीं त्याला राज्याबाहेर नेण्यावर कायद्यानें बंदी घातली; हेतु चांगला, पण मेळ्यांतले गिऱ्हाईक नाहींसें झालें आणि मानाने कांहीं चारा मिळत नाहीं. आज उंट बाळगणाऱ्याला थोडीफार रोकड मिळते ती प्रवाशाकडून. तिच्यांतले शंभर रुपये आपण वांचविले, तर ते त्याच्या चाऱ्यांतून वांचतात.

त्या दोन दिवसांत आम्हां तिघांना मिळून पाण्याचा एकच वीस लिटरचा डबा होता. पिणें, चहा, भाकरी, डाळ, सारें त्यांत झालें, आणि दुसऱ्या दिवशीं दुपारीं तळाशीं थोडें उरलेंहि. डोंबिवलींत मी एका अंघोळीला तेवढी एक बादली घेतों. उंटवाल्यानें भांडीं कोरड्या वाळूनें घांसलीं. तीं माझ्या घरच्या भांड्यांहून लखलखीत निघालीं. वाळूला ओल नाहीं म्हणून तिच्यांत तेलकटपणा ओढला जातो, आणि वास राहत नाहीं. रात्रीं मीं त्याला विचारलें, ह्या भागांत माळढोक दिसतो काय? आमच्या सोलापूरकडे नान्नजला त्याचें अभयारण्य आहे, पण पक्षी जवळजवळ नाहींसा झाला. तो म्हणाला, ‘गोडावण? है, पण थोडा है,’ आणि विजेच्या तारांकडे बोट दाखविलें. जगांत उरलेले बहुतेक माळढोक आतां ह्या एका जिल्ह्याच्या आश्रयाला आहेत, आणि तारांना आदळून मरणें हें त्यांच्या नाशाचें एक मोठें कारण आहे. आम्हांला तो दिसला नाहीं.

जैसलमेरहून रात्रीच्या गाडीनें बिकानेर, आणि तेथून परत मुंबईची गाडी. ही गाडी नागौरवरून येते. मराठी माणसानें तेथें खिडकींतून बाहेर पाहावें. नागौरला वेढा घालून बसलेल्या जयाप्पा शिंद्यांचा १७५५ सालीं दग्यानें खून झाला; गांवाजवळच त्यांची छत्री आहे. एवढी मोठी फौज, जनावरें आणि बाजारबुणगे ह्या निर्जळ मुलखांत महिनोन्महिने कशीं जगवलीं असतील, हा प्रश्न टांके आणि कुया पाहिल्यानंतर मला प्रथमच पडला. इतिहास शिकवितांना पडला नव्हता.

शेवटीं खर्चाचा तपशील देतों. पुष्कळ श्रोत्यांना तोच हवा असेल. माझ्या एकट्याच्या बारा दिवसांचा हिशेब असा : रेल्वेचीं सारीं भाडीं मिळून १,९०० रुपये, आठ रात्रींच्या खोलीचा माझा वांटा १,८००, जेवणखाण २,१६०, बस व रिक्षा ९००, उंट, उंटवाला व तिकडचें जेवण २,५००, किल्ले व संग्रहालयें यांचीं तिकिटें ६००, पाणी, लिंबें व मीठ-साखरेच्या पुड्या २४०. एकूण १०,१०० रुपये. माझ्या स्नेह्यांचा आंकडा ह्याहून साडेतीनशें रुपयांनीं अधिक आहे, कारण त्यांनीं बिकानेरला नातवंडांसाठीं भुजिया घेतली, आणि ती वसईपर्यंत मीच वाहिली.